जखमेआधीची सुई

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की कोन लागते. खाडीपलीकडचे हे जुने आगरी गाव आता कल्याण-भिवंडी रस्त्याच्या दोन्ही अंगांना इतके पसरले आहे की गाव कुठे संपते आणि सरवलीची औद्योगिक वसाहत कुठे सुरू होते, हे नवख्या माणसाला कळणार नाही. भातशेती उरली आहे ती तुकड्यातुकड्यांनी. तिच्या आसपास यंत्रमाग, कापड रंगवण्याचे कारखाने, भंगाराची दुकाने, गॅरेजे आणि भिवंडी तालुक्याला देशभर ओळख मिळवून देणारी गोदामे. अशा गावात रोज किती लोकांना लहानसहान इजा होत असेल याची नोंद कुणी ठेवत नाही, कारण त्या इजांना कुणी इजा मानतच नाही. आवणीच्या दिवसांत चिखलात अनवाणी उतरलेल्या पायाला काटा लागतो. मागावरून उडालेला धोटा कारागिराच्या कपाळावर बसतो. गोदामात माल उतरवताना लाकडी पॅलेटचा खिळा चपलेतून आत जातो, भंगार निवडताना पत्रा बोट कापून जातो. फडके गुंडाळायचे, हळद दाबायची, आणि पाळी पूर्ण करायची. यातल्या बहुतेक जखमा आपोआप बऱ्या होतात, आणि नेमके हेच या प्रकरणाच्या विषयाला अवघड करते. धनुर्वात हा शेकडो निरुपद्रवी जखमांच्या आड लपणारा आजार आहे. तो लहान मुलांचा किंवा बाळंतिणींचा आजार आहे अशी आपली समजूत झाली आहे, पण आज त्याचा खरा धोका आहे तो कामाच्या वयातल्या आणि त्यापुढच्या माणसांना. आणि त्यापासून वाचवणारी सुई जखम झाल्यावर शोधायची नसते, ती जखमेच्या कितीतरी आधी टोचून झालेली असावी लागते.

हा आजार ज्या जिवाणूमुळे होतो त्याचे नाव क्लॉस्ट्रिडियम टेटॅनी. गाईगुरे, घोडे, मेंढ्या यांच्या आतड्यांत तो सुखाने राहतो, शेणावाटे मातीत येतो आणि तिथे बीजाणूच्या रूपात वर्षानुवर्षे पडून राहतो. बीजाणू म्हणजे जिवाणूने स्वतःभोवती बांधलेले कवच. काही मिनिटांच्या उकळीने तो मरत नाही, ऊन-पाऊस त्याला सारखेच. त्याला मारायला ऑटोक्लेव्हमधली १२१ अंशांची दाबाखालची वाफ लागते. शेणखत घातलेली खाचरे, तबेल्यांचा परिसर, रस्त्याकडेची धूळ, यांपैकी कुठलीही जागा बीजाणूमुक्त आहे असे म्हणता येत नाही. मात्र मातीतला बीजाणू कातडीवर पडला म्हणून आजार होत नाही. या जिवाणूला प्राणवायू सोसत नाही. तो जागा होतो तो फक्त प्राणवायू न पोचणाऱ्या जागी: खोल टोचलेल्या जखमेच्या तळाशी, चिरडून मेलेल्या मांसात, काटा किंवा काडी आत राहिली असेल तर तिच्याभोवती, भाजलेल्या कातडीखाली, मधुमेही पायाच्या जुनाट व्रणात, कधी वाहत्या कानातसुद्धा. गंजलेल्या खिळ्याची भीती लोकांच्या मनात पक्की बसली आहे, पण गंजाचा यात काही दोष नाही. खिळा खोल जातो आणि त्याच्या खडबडीत अंगावर माती अडकते, एवढाच त्याचा वाटा. चकचकीत नवी सुई मातीत पडली असेल तर ती तितकीच धोक्याची, आणि बाभळीचा काटा तर कधीच गंजत नाही. काही रुग्णांत तर डॉक्टरांना जखम सापडतसुद्धा नाही, कारण ती केव्हाच भरून गेलेली असते.

जिवाणू स्वतः जखमेपुरताच राहतो. पसरते ते त्याचे विष. टेटॅनोस्पाझमिन हे त्याचे नाव, आणि माणसाला माहीत असलेल्या सर्वांत जहाल विषांत त्याची गणना होते. माणसाला मारायला शरीराच्या दर किलोमागे सुमारे अडीच नॅनोग्रॅम पुरतात, म्हणजे सत्तर किलो वजनाच्या माणसासाठी एका मिलिग्रॅमच्या पाच हजाराव्या भागाहूनही कमी. हे विष मज्जातंतूंच्या टोकांत शिरते, तंतूंच्या आतूनच उलट दिशेने सरकत मज्जारज्जूपर्यंत पोचते, आणि तिथे स्नायूंना आवर घालणाऱ्या पेशींचा संदेश तोडते. मागाचा ब्रेक निकामी व्हावा आणि मोटार चालूच राहावी, तशी शरीराची अवस्था होते. स्नायूंना आखडण्याचा हुकूम मिळत राहतो, सैल होण्याचा मिळत नाही. जखमेनंतर तीन ते एकवीस दिवसांत, बहुधा आठवड्या-दीड आठवड्यात, जबडा उघडेनासा होतो. रुग्ण पुष्कळदा आधी दाताच्या किंवा घशाच्या डॉक्टरकडे जातो. मग मान, पाठ आणि पोट ताठ होते, चेहरा ओढला जाऊन विचित्र हसू उमटते, आणि दाराचा आवाज, उजेडाची तिरीप किंवा नुसता स्पर्श एवढ्यानेही सगळे अंग धनुष्यासारखे मागे वाकते. झटका इतका जोराचा असू शकतो की पाठीचे मणके मोडतात. आणि या सगळ्यात रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो. सुश्रुतसंहितेत धनुस्तंभ म्हणून या व्याधीचा उल्लेख आहे, ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसनेही तिचे वर्णन केले आहे. म्हणजे ओळख जुनी. कारण कळले ते मात्र १८८४ नंतर, आणि १८८९ मध्ये बर्लिनला काम करणाऱ्या शिबासाबुरो कितासातो या जपानी शास्त्रज्ञाने हा जिवाणू प्रथम शुद्ध रूपात वाढवून दाखवला.

या आजाराची दोन वैशिष्ट्ये नीट समजून घेतली तर लसीबद्दलचे बहुतेक वाद तिथेच मिटतात. पहिले असे की धनुर्वात माणसाकडून माणसाला होत नाही. गोवरासारख्या आजारात आजूबाजूच्या शंभरातल्या पंचाण्णवांनी लस घेतली असेल तर उरलेल्या पाचांनाही आडोसा मिळतो, कारण साथीची साखळीच तुटते. धनुर्वाताला साखळीच नाही. कोनमधल्या बाकी सर्वांनी लस घेतली आणि एकाने घेतली नाही, तर त्या एकाचा धोका रतीभरही कमी होत नाही, कारण त्याला आजार देणारी माती तशीच आहे. दुसरे असे की धनुर्वात होऊन गेला तरी प्रतिकारशक्ती येत नाही. देवी, कांजिण्या, गोवर हे आजार एकदा होऊन गेले की शरीर ते लक्षात ठेवते. धनुर्वाताचे विष इतक्या सूक्ष्म मात्रेत मारते की तेवढ्यावरून शरीराला धडा शिकता येत नाही. म्हणूनच या आजारातून वाचलेल्या रुग्णालाही बरे झाल्यावर लस द्यावी लागते. ‘आम्ही लहानपणापासून अनवाणी शेतात वावरलो, शेकडो जखमा झाल्या, काही झाले नाही, आमचे शरीर मातीला सरावले आहे’ हा युक्तिवाद ठाणे जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात ऐकायला मिळेल. त्यातला पहिला भाग खरा आहे, बहुतेक जखमांत बीजाणूला हवी तशी जागा मिळत नाही. दुसरा भाग मात्र खरा नाही. मातीला सरावून या विषाविरुद्ध भरवशाचे संरक्षण येत नाही, ते फक्त लसीतून येते. शंभर जखमा सुखरूप गेल्या याचा एकशे एकाव्या जखमेशी काही संबंध नाही.

इथे आपल्याकडच्या सर्वांत दृढ सवयीचा विचार करायला हवा. लागले, कापले, खिळा गेला की दवाखान्यात जाऊन ‘टीटी’, म्हणजे धनुर्वाताची लस, मारून घ्यायची. चोवीस तासांच्या आत घेतली की काम झाले, असा समज आहे. सवय वाईट नाही, कारण तिच्या निमित्ताने निदान जखम कुणी तरी धुते. पण तिच्यावर ठेवलेला भरवसा अर्धाच खरा आहे, आणि कुणासाठी खरा, कुणासाठी खोटा, हे त्या माणसाच्या जुन्या इतिहासावर ठरते. लस म्हणजे टॉक्सॉइड: जिवाणूचे विष फॉर्मॅलिनने निर्विष केलेले. फ्रान्समध्ये गास्तों रामों यांनी ही पद्धत १९२०च्या दशकात बसवली. टॉक्सॉइड स्वतः विषाला अडवत नाही, ते शरीराला प्रतिपिंडे बनवायला शिकवते. ज्या माणसाचे लहानपणीचे सगळे डोस झाले आहेत त्याच्या शरीराला हे शिक्षण आधीच मिळालेले असते. त्याला जखमेनंतर एक सुई दिली की चार-सात दिवसांत प्रतिपिंडे झपाट्याने वाढतात आणि विष तयार होण्याच्या शर्यतीत तो बहुधा पुढे राहतो. पण ज्याने आयुष्यात कधीच लस घेतलेली नाही त्याला पहिली सुई जवळजवळ काहीच संरक्षण देत नाही. त्याला दुसरी सुई महिन्याने मिळावी लागते, तिच्यानंतर दोनेक आठवड्यांनी संरक्षण उभे राहते, आणि तिसरीने ते टिकाऊ होते. तोवर आजाराची मुदत केव्हाच उलटून गेलेली असते. अशा माणसाला मातीने माखलेली खोल जखम झाली तर सुईसोबत तयार प्रतिपिंडे, म्हणजे टेटॅनस इम्युनोग्लोब्युलिन, टोचावी लागतात. ती तत्काळ काम करतात, पण काही आठवड्यांत संपतात, आणि विष एकदा मज्जातंतूला चिकटले की त्याला सोडवू शकत नाहीत. थोडक्यात, जखमेनंतरची एकटी सुई ज्याला सर्वांत कमी गरज आहे त्याच्या उपयोगी पडते, आणि ज्याला सर्वांत जास्त गरज आहे त्याला खोटा दिलासा देऊन घरी पाठवते. आपल्या दवाखान्यांत जखमीला ‘आधी किती डोस झाले, शेवटचा केव्हा?’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. माझ्या मते सुईपेक्षा तो प्रश्न महत्त्वाचा आहे.

जखमेनंतरचे उपाय आणि जखमेआधीची लस यांतला फरक इतिहासाने दोन महायुद्धांत जवळजवळ प्रयोगशाळेसारखा तपासून पाहिला. १९१४ साली फ्रान्स-बेल्जियमच्या शेणखताने पोसलेल्या शेतांत खंदक खणले गेले, आणि पहिल्या काही आठवड्यांत ब्रिटिश सैन्यातल्या दर हजार जखमींमागे आठ-नऊ जणांना धनुर्वात होऊ लागला. मग प्रत्येक जखमीला घोड्याच्या रक्तापासून बनवलेले प्रतिविष टोचण्याचा हुकूम निघाला आणि प्रमाण खूप खाली आले, पण आजार संपला नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने प्रत्येक सैनिकाला लढाईवर जाण्याआधीच टॉक्सॉइडचे डोस दिले. जखमा आणि इजांमुळे इस्पितळात दाखल झालेल्यांची संख्या २७ लाखांवर होती, त्यांत धनुर्वाताचे रुग्ण निघाले १२. त्याच युद्धात मनिला शहर मुक्त होताना, जिथे नागरिकांना लस मिळालेली नव्हती, तिथे शेकडो नागरिक धनुर्वाताने आजारी पडले. माती तीच होती, स्फोटही तेच. फरक होता तो आधी टोचलेल्या सुईचा.

मग भारतात, महाराष्ट्रात, ही आधीची सुई कुणाला मिळाली? आपल्या देशाने या बाबतीत मोठे काम केले आहे. १९७८ मध्ये लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम सुरू झाला, काही वर्षांत गरोदर स्त्रियांना टीटी देणे त्याचा भाग झाले, १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाने ते जिल्ह्याजिल्ह्यात नेले. आईला लस दिली की तिची प्रतिपिंडे नाळेवाटे बाळाला मिळतात. त्यात दवाखान्यातली बाळंतपणे आणि नाळ कापायच्या स्वच्छ साधनांची भर पडली. ज्या आजाराने एकेकाळी दरवर्षी लाखाहून अधिक नवजात बाळे जात असल्याचा अंदाज होता, त्याबाबत २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारताला निर्मूलनाचे प्रमाणपत्र दिले. पण त्या प्रमाणपत्राचा नेमका अर्थ बारकाईने वाचायला हवा. निर्मूलन झाले ते माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचे, आणि त्याची व्याख्या प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, अशी आहे. ‘धनुर्वात भारतातून गेला’ असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. जाणारही नाही, कारण देवीचा विषाणू माणसातच राहत होता म्हणून त्याला संपवता आले, हा जिवाणू मातीत राहतो.

या यशातच मोठ्यांच्या धोक्याचे मूळ आहे. लस बाळंतपणाच्या दाराशी ठेवली, म्हणून ती स्त्रियांना मिळाली. मुलांच्या दाराशी ठेवली, म्हणून १९८५ नंतर जन्मलेल्या पुष्कळांना मिळाली. त्याआधी जन्मलेल्या पुरुषाला ती नियमित मिळण्याचे दार जवळजवळ नव्हते. अमेरिकेत याचे जणू उलटे चित्र दिसले. तिथे १९८८ नंतरच्या वर्षांत झालेल्या देशव्यापी रक्ततपासणीत सहा ते अकरा वयाच्या सुमारे ८८ टक्के मुलांत पुरेशी प्रतिपिंडे होती, तर सत्तरी ओलांडलेल्यांत जेमतेम २८ टक्क्यांत. आणि मोठ्यांत पुरुष स्त्रियांपेक्षा अधिक सुरक्षित निघाले, कारण त्या पिढीतल्या पुरुषांना सैन्याने लस दिली होती. तिथे सैन्य, इथे गरोदरपणाची तपासणी. शरीर स्त्रीचे की पुरुषाचे याला महत्त्व नाही, कुठल्या संस्थेने कुणाला गाठले याला आहे. वयाबरोबर संरक्षण ओसरते हा मुद्दा मात्र दोन्हीकडे सारखा. ज्या बाईने शेवटचे बाळंतपण पंचविशीत केले आणि आज जी पंचावन्नची आहे, तिच्या शेवटच्या सुईलाही तीस वर्षे होऊन गेली. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात चिखल आणि ढिगाऱ्यांतून निघालेल्या जखमींत महिन्याभरात धनुर्वाताचे १०६ रुग्ण सापडले, त्यांतले २० दगावले. रुग्णांत बहुतांश मोठी माणसे होती, म्हणजे बालवयाच्या लसीकरणाआधी जन्मलेली. खाडीकाठच्या, २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेल्या पट्ट्यासाठी ही दूरची बातमी मानू नये.

कोनच्या कामगारवस्तीत ही त्रुटी आणखी रुंद होते. माग चालवणारे कारागीर उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून येतात, गोदामातले हमाल महाराष्ट्राच्या आतल्या जिल्ह्यांतून, वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे येतात आणि पावसाळ्याआधी जातात. सध्याच्या वेळापत्रकात बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लसीतून, मग दीड वर्षाच्या आसपास आणि पाच-सहा वर्षांचे असताना डीपीटीतून, आणि दहा व सोळा वर्षांना टीडी या धनुर्वात-घटसर्पाच्या लसीतून धनुर्वाताचे डोस मिळतात. कागदावर हे उत्तम आहे. पण शेवटचे दोन डोस बहुतेक शाळांतून दिले जातात, आणि जो मुलगा सातवी सोडून मागावर आला त्याच्यापर्यंत सोळाव्या वर्षाची सुई पोचण्याचा मार्ग नाही. ज्याचे लसीचे कार्ड गावी राहिले किंवा कधी नव्हतेच, त्याचे किती डोस झाले हे कुणालाच सांगता येत नाही. वैद्यकीय नियम अशा वेळी सरळ आहे: माहीत नसेल तर झाले नाहीत असे धरा.

लसीबद्दलचे आक्षेप टाळून पुढे जाणे योग्य नाही. सर्वांत जुनी भीती सुईचीच आहे, की टोचण्यातूनच आजार येईल. या भीतीला एक खरा आधार आहे आणि तो मुंबईशी जोडलेला आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात परळच्या प्रयोगशाळेतून आलेली प्लेगची लस टोचली गेली. एकाच बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मरण पावले. लस बनवणारे वाल्देमार हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. चौकशीत दोष प्रयोगशाळेकडे ढकलला गेला, पण पुढे पुरावा उलटा निघाला: बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू घेतली, १९०७ मध्ये त्यांच्यावरचा ठपका पुसला गेला, आणि १९२५ पासून परळची ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. या घटनेचा उपयोग लसीच्या विरोधात करणाऱ्यांनी ती पूर्ण वाचावी. माणसे मेली ती लसीतल्या औषधाने नव्हे, गावच्या मातीतल्या बीजाणूंनी, आणि त्या एकोणीस जणांकडे धनुर्वाताविरुद्ध कुठलेच संरक्षण नव्हते, कारण टॉक्सॉइडचा शोध तेव्हा लागायचा होता. आजच्या टीडी लसीत जिवंत किंवा मेलेला जिवाणू नसतो, फक्त निर्विष केलेले प्रथिन असते, आणि सरकारी लसीकरणातली सिरिंज एकदा वापरली की दुसऱ्यांदा ओढलीच जात नाही. दंड दुखतो, सुजतो, एखादा दिवस कणकण वाटते. गंभीर प्रतिक्रिया फार दुर्मिळ.

दुसरा आक्षेप अधिक विचारी आहे: दर दहा वर्षांनी सुई खरोखर लागते का? हा प्रश्न विचारणारे अडाणी नाहीत. ब्रिटनमध्ये पाच डोस पूर्ण झालेल्याला एरवी पुढचे डोस देत नाहीत, आणि जागतिक आरोग्य संघटनाही बालपण-किशोरवयातले सहा डोस पूर्ण झाले की दीर्घ संरक्षण मानते. म्हणजे ज्या माणसाचे सगळे डोस कागदावर नोंदलेले आहेत त्याने दहा वर्षे उलटली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण हा युक्तिवाद ज्यांच्यासाठी खरा आहे ते लोक कोनच्या वीटभट्टीवर नाहीत. ज्याच्या पाच डोसांचा पुरावाच नाही त्याने ब्रिटनच्या नियमाचा आधार घेणे म्हणजे दुसऱ्याच्या विम्यावर स्वतः निश्चिंत राहणे होय. याच विषयाचे दुसरे टोकही सांगायला हवे. दर खरचटण्याला सुई मारून घेणाऱ्यांना तिचा फायदा होत नाही, उलट वारंवार डोसांनी दंडाला जबर सूज येऊ शकते. सर्व डोस झालेल्याला स्वच्छ, छोट्या जखमेसाठी शेवटच्या सुईला दहा वर्षे उलटली असतील तरच नवी लागते. माती-शेणाने माखलेल्या, खोल किंवा चिरडलेल्या जखमेसाठी ही मुदत पाच वर्षांची.

तिसरा आक्षेप असा की आता प्रतिजैविके आहेत, अतिदक्षता विभाग आहेत, आजार झाला तर बरा करता येईल. प्रतिजैविके जिवाणू मारतात, आधीच सुटलेल्या विषाला हात लावू शकत नाहीत. आणि उपचार म्हणजे काय ते मुंबईच्या डॉक्टरांना फार जवळून माहीत आहे. एकेकाळी या शहरात धनुर्वाताचे इतके रुग्ण येत की डॉ. जे. सी. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाची तीव्रता मोजण्याची जी पद्धत बांधली ती जगभर पटेल-जोग श्रेणी म्हणून वापरली गेली. जबडा आखडणे, झटके, जखमेपासून लक्षणांपर्यंत सात दिवस किंवा कमी काळ, पहिल्या लक्षणापासून झटक्यापर्यंत दोन दिवस किंवा कमी काळ, आणि ताप, हे तिचे पाच निकष. १९६३ मध्ये धनुर्वातावरची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली होती, आणि पटेल व मेहता यांनी तब्बल ८,६९७ रुग्णांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध केला. एवढे ज्ञान गाठीशी असूनही आजचा उपचार विषाचा परिणाम ओसरेपर्यंत रुग्णाला जगवणे एवढाच आहे. श्वासनलिकेला छिद्र पाडून व्हेंटिलेटर, स्नायू सैल ठेवणारी औषधे, अंधारी शांत खोली, क्षणात चढणाऱ्या-उतरणाऱ्या रक्तदाबाशी झुंज, तीन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त. उत्तम अतिदक्षता मिळूनही शंभरातले दहा-वीस रुग्ण दगावतात, वृद्धांत अधिक. रोजंदारीवरच्या कुटुंबासाठी वाचलेला रुग्णही म्हणजे कित्येक महिन्यांची बुडालेली मजुरी. आणि या सगळ्याच्या विरुद्ध बाजूला एक अशी लस आहे जी अत्यंत स्वस्त आहे आणि जी महाराष्ट्रातच मोठ्या प्रमाणावर बनते. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट १९६६ साली सुरू झाली ती घोड्यांच्या पैदाशीतून, आणि तिचे पहिले उत्पादनच धनुर्वाताचे प्रतिविष होते. परळ आणि पुणे जवळ असून कोनच्या मागावरचा माणूस लसीविना राहत असेल, तर त्याला पुरवठ्याची कमतरता म्हणता येणार नाही.

कमतरता आहे ती दाराची. गरोदर बाईसाठी उपकेंद्र, मुलासाठी अंगणवाडी आणि शाळा. कामकरी पुरुषासाठी दार एकच असू शकते, ते म्हणजे त्याचे काम. १९४८ च्या कारखाने कायद्याने दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचार पेटीची आणि पाचशेहून अधिक कामगार असतील तर रुग्णवाहिका-कक्षाची सक्ती आणली. पण यंत्रमागाचा धंदा लहान लहान शेडांत विभागलेला आहे, आणि पेटीत कापूस-आयोडीन असते, लसीची नोंदवही नसते. सैन्याने जे केले ते कारखान्यांना अशक्य नाही. भरतीच्या वेळी पहिली सुई, महिन्याने दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी, आणि कामगाराच्या हातात तारखा लिहिलेले कार्ड. कामगार फिरता असतो, सहा महिन्यांनी इथे नसेल, हा मालकांचा आक्षेप खरा आहे. म्हणूनच कार्ड महत्त्वाचे, कारण अपुरे डोस वाया जात नाहीत. पहिल्या दोन सुया कोनमध्ये आणि तिसरी आझमगडला झाली तरी मालिका पूर्ण होते, नव्याने सुरुवात करावी लागत नाही. २०१९ पासून टीटीच्या जागी टीडी आल्यामुळे त्याच सुईत घटसर्पाचेही संरक्षण मिळते. गोदामांच्या संघटना, यंत्रमाग मालकांचे संघ, ग्रामपंचायत आणि तालुका आरोग्य अधिकारी यांनी वर्षातून दोनदा, आवणीआधी आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्या सुरू होताना, अशी शिबिरे घेतली तर त्यासाठी नवा कायदा लागणार नाही, नवे औषधही नाही.

तोवर प्रत्येकाने आपल्या घरापासून सुरुवात करावी. घरातल्या पन्नाशीपुढच्या माणसांना, विशेषतः पुरुषांना, आणि परगावाहून कामाला आलेल्या शेजाऱ्याला विचारा की धनुर्वाताचे तीन डोस केव्हा पूर्ण झाले. आठवत नसेल तर जवळच्या दवाखान्यात जाऊन टीडीची पहिली सुई घ्या, चार आठवड्यांनी दुसरी, सहा ते बारा महिन्यांनी तिसरी, आणि तारखा आधारकार्डाबरोबर जपून ठेवा. जखम झालीच तर हळद, राख, शेण, माती काही लावू नका. वाहत्या पाण्याने आणि साबणाने ती नीट धुवा, आत काही अडकले असेल तर डॉक्टरांकडून काढून घ्या, आणि कधीच लस घेतलेली नसेल तर हे डॉक्टरांना आपणहून सांगा, कारण तेव्हा नुसती सुई पुरत नाही.